ख्रिस्ती सहभागिता : महाराष्ट्रातील परंपरा व जव्हार-मोखाड्याचा परिसर

ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणाऱ्या व्यक्तींनी उपासना, भोजन, द्रव्य, श्रम आणि सुखदुःख यांत परस्परांशी राखावयाच्या संबंधास ख्रिस्ती धर्मपरंपरेत ‘सहभागिता’ अशी संज्ञा आहे. नव्या करारातील ‘कॉइनोनिया’ या ग्रीक शब्दाचा हा पर्याय होय. सहवास, संगती, भागीदारी असेही पर्याय मराठीत रूढ आहेत. मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजात चर्चसाठी ‘मंडळी’ हा शब्द वापरला जातो, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे. या शब्दाने इमारतीपेक्षा एकत्र बसणाऱ्या माणसांचा बोध होतो. महाराष्ट्रात या सहभागितेला एक विशिष्ट सामाजिक अर्थ प्राप्त झाला. ज्या समाजात माणसाचे स्थान त्याच्या पंक्तीवरून ठरत असे, त्या समाजात एका पंक्तीला बसणे ही श्रद्धेची सर्वांत कठीण कसोटी ठरली. जातीबाहेर पडलेल्या माणसाला आधार मिळाला तो या पंक्तीत. आणि पुढे या पंक्तीलाच कधी जातीचे रूप येऊ लागले, तेव्हा तिच्या मूल्याविषयी प्रश्नही निर्माण झाले. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील या परंपरेचा मागोवा घेऊन पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या आदिवासी तालुक्यांच्या संदर्भात तिचा विचार केला आहे.

संकल्पना व उगम : ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात आद्य ख्रिस्ती समुदायाच्या जीवनाची चार अंगे सांगितली आहेत : प्रेषितांचे शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणे आणि प्रार्थना. गरजूंसाठी मालमत्ता विकून ती सर्वांत वाटून घेतल्याचा उल्लेखही तेथेच येतो. हे चित्र आदर्श असले, तरी ते निर्वेध नव्हते. अंत्युखिया येथे यहुद्येतर श्रद्धावंतांबरोबर जेवणारा पेत्र हा यरुशलेमहून काही माणसे येताच मागे सरला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमक्ष विरोध केला. हा प्रसंग गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात नमूद आहे. करिंथ येथील मंडळीत संपन्न सभासद आपले जेवण आधीच उरकून घेत आणि कष्टकरी उशिरा येऊन उपाशी राहत. अशा भोजनास प्रभुभोजन म्हणता येणार नाही, असा पौलाचा अभिप्राय होता. म्हणजे पंक्तिभेदाचा प्रश्न ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या पिढीतच उद्भवला होता आणि त्याचे उत्तर श्रद्धेच्या मुळाशी जोडले गेले होते. इ. स. ११२ च्या सुमारास रोमन प्रांताधिकारी धाकटा प्लिनी याने सम्राट ट्रेजन यास पाठविलेल्या पत्रातही ख्रिस्ती लोक ठराविक दिवशी पहाटेपूर्वी एकत्र येतात व नंतर पुन्हा जमून साधे अन्न सेवन करतात, अशी माहिती आढळते. बाहेरच्या निरीक्षकाला या पंथाची ओळख पटली, ती अशा एकत्र येण्यावरून.

रोटीव्यवहार व बहिष्कार : एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात जातीचे बंधन मुख्यतः रोटीव्यवहार व बेटीव्यवहार या दोन अंगांनी प्रकट होत असे. ख्रिस्ती माणसाच्या हातचे अन्न वा पाणी घेतले, एवढेही जात जाण्यास पुरेसे ठरे. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत हा मिशनऱ्यांकडे राहिला होता. त्यास न्यायालयाच्या आदेशाने वडिलांच्या स्वाधीन करण्यात आले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घेता येईल काय, यावरून मुंबईच्या ब्राह्मणवर्गात तीव्र वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर यांनी त्यास परत घेण्याच्या बाजूने आपले वजन खर्च केले. या वादात मुलाच्या धर्ममताइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व त्याने परधर्मीयांबरोबर केलेल्या अन्नसेवनाला आले होते.

हिंदू समाजातील सुधारकांनाही हीच भिंत ओलांडावी लागली. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकर प्रभृतींनी स्थापन केलेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्यास जातिभेद न मानण्याची प्रतिज्ञा करून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. सभेचे कार्य गुप्तपणे चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर पडताच ती मोडली. या सभेत वावरलेले बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी १८५४ मध्ये बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला. आपल्या मतांतराची हकीकत त्यांनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात निवेदन केली आहे. या दोन मार्गांतील फरक उघड आहे. परमहंस सभेचा सभासद रात्री पाव खाऊन सकाळी आपल्या जातीत परतू शकत असे. बाप्तिस्मा घेणाऱ्यास मात्र परतीची वाट राहत नसे. त्यामुळे त्याला ज्या पंक्तीत जावयाचे, ती पंक्ती कायमची असणे निकडीचे होते.

धर्मांतरिताची ही निकड कायद्यालाही दखलपात्र वाटली. १८५० च्या एकविसाव्या अधिनियमाने धर्म बदलल्यामुळे वा जातीतून काढल्यामुळे वारसाहक्क व मालमत्तेचा हक्क नष्ट होणार नाही, असे ठरविले. १८६६ च्या अधिनियमाने, धर्मांतरामुळे पतीने वा पत्नीने त्याग केलेल्या ख्रिस्ती व्यक्तीस विवाहविच्छेद मागण्याची तरतूद केली. तथापि कायद्याने शेतातील वाटा मिळाला, तरी आजारपणात उशाशी बसणारा, मयतीला खांदा देणारा आणि मुलीच्या लग्नात मांडव घालणारा माणूस कायद्याने मिळत नाही. वाळीत पडलेल्या माणसाची ही उणीव मंडळीने भरून काढावयाची होती. सहभागितेचे मूल्य मराठी ख्रिस्ती समाजात प्रथम या व्यवहाराच्या पातळीवर जाणवले.

अहमदनगरची मंडळी : अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. अहमदनगर (विद्यमान अहिल्यानगर) येथील केंद्र १८३१ मध्ये सुरू झाले आणि १८३३ मध्ये तेथे पहिली मंडळी संघटित झाली. १८४२ मध्ये सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक विखुरलेल्या मराठी ख्रिस्ती वाचकांना जोडणारा एक दुवा ठरले. या मंडळीत ब्राह्मण, महार, मांग अशा भिन्न समाजांतील माणसे एकत्र आली. हरी रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक या दोघांना १८५४ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली. जन्माने ब्राह्मण असलेल्या पाळकाच्या हातून पूर्वाश्रमीच्या अस्पृश्यांनी भाकर घ्यावी आणि सर्वांनी एकाच पेल्यातून प्यावे, हा त्या काळातील महाराष्ट्रात सामान्य प्रसंग नव्हता. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ ची आणि महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रसंगाचे महत्त्व कळून येते.

या एकत्र येण्याला मराठी रूप देण्याचे कार्य गीतांनी व कीर्तनाने केले. हेन्री बॅलंटाइन यांनी मराठीत गीते रचली आणि कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची पद्धत लोकप्रिय केली. टाळ, मृदंग व अभंगाची चाल यांमुळे निरक्षर श्रद्धावंतालाही उपासनेत भाग घेता येऊ लागला. वाचता न येणारा माणूसही पद पाठ करू शकतो व इतरांबरोबर म्हणू शकतो. म्हणून सामुदायिक गायन हे ग्रामीण मंडळ्यांत सहभागितेचे सर्वांत सुलभ साधन ठरले. पीक हाती आल्यावर धान्य, भाज्या, फळे, कोंबडी असे जे घरी असेल ते मंडळीत आणून अर्पण करण्याचा हंगामाचा सणही असाच रुजला. ज्याच्याकडे रोख पैसा नाही, त्यालाही त्या दिवशी देणाऱ्याच्या रांगेत उभे राहता येते.

मात्र या काळाची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. १८७६–७८ आणि १८९६–१९०० या काळातील दुष्काळांनंतर मिशनचा आश्रय घेणाऱ्यांची संख्या वाढली. मिशनच्या आवारात घर, मिशनच्या शाळेत नोकरी आणि मिशनच्या दवाखान्यात उपचार, अशी एक स्वतंत्र वसाहत अनेक ठिकाणी तयार झाली. संरक्षणाच्या दृष्टीने ती उपयुक्त होती. पण तिच्यामुळे गावाशी असलेला संबंध क्षीण झाला आणि परकीय द्रव्यावरील अवलंबन वाढले. महार व मांग यांच्यातील अंतरही मंडळीत आल्यावर आपोआप नाहीसे झाले नाही. प्रभुभोजनात पेला एक झाला. विवाहसंबंध जुळविताना मात्र पूर्वाश्रमीच्या जातीची चौकशी होत राहिली. रोटीबंदी सुटली, तरी बेटीबंदी सुटण्यास पिढ्या लागल्या.

हा अनुभव केवळ प्रॉटेस्टंटांचा नाही. वसईचा प्रदेश १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला व १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी तो जिंकून घेतला. या मधल्या दोन शतकांत तेथे कॅथलिक समाज स्थिरावला व पुढेही टिकून राहिला. सामवेदी वा कुपारी, वाडवळ, कोळी अशा त्याच्या गटांनी आपापली बोली व चालीरीती जपल्या. एकाच वेदीसमोर मिस्सा ऐकणाऱ्या या गटांत विवाह मात्र दीर्घकाळ बहुतांशी आपापल्या गटातच होत आले. उपासनेतील एकता आणि घरातील एकता यांत अंतर राहू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

केडगाव, सातारा व पुणे येथील प्रयोग : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मिशनच्या चौकटीबाहेर सहभागितेचे काही स्वतंत्र प्रयोग महाराष्ट्रात झाले. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन सुरू केले व पुढील वर्षी ते पुण्यास हलविले. तेथे विधवांच्या आचारात हस्तक्षेप न करण्याचे धोरण असल्याने सोवळ्याचा स्वयंपाक वेगळा ठेवण्याची मुभा होती. पुढे पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्तिसदनात दुष्काळग्रस्त प्रदेशांतून आणलेल्या शेकडो मुली व स्त्रिया एकत्र राहू लागल्या. त्यांत जाती अनेक होत्या, भाषा अनेक होत्या. शेती, विणकाम, छपाई व स्वयंपाक ही कामे मात्र सर्वांची होती. १९०५ मध्ये तेथे झालेल्या धार्मिक जागृतीचा आरंभ लहान प्रार्थनागटांतून झाला. ज्या स्त्रियांना माहेर व सासर ही दोन्ही उरली नव्हती, त्यांना ‘बहीण’ हे संबोधन हाच नात्याचा पहिला आधार होता.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) यांनी पाच वर्षांनंतर, १९०० मध्ये, तीच वाट धरली. मधल्या काळातील त्यांचे सोवळे-ओवळे, पाणी व स्वयंपाक यांसंबंधीचे हट्ट आणि ते हळूहळू गळून पडण्याची प्रक्रिया त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात विलक्षण प्रांजळपणे वर्णिली आहे. सहभागिता ही उपदेशाने एका दिवसात येत नाही, ती चुलीपाशी सावकाश घडते, याचा तो मोलाचा पुरावा होय. टिळकांना पुढे मिशनचे वेतन व मिशनची चौकट या दोन्हींचा काच जाणवू लागला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली व सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. ख्रिस्ताच्या अनुयायांची पंक्ती ही स्वतःच एक नवी जात होऊ नये, असा त्यामागील विचार होता. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाल्याने हा प्रयोग फार वाढला नाही. त्याने उपस्थित केलेला प्रश्न मात्र टिकून राहिला.

टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जॅक विन्सलो यांनी १९२२ मध्ये अहमदनगर येथे ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली. पुढे त्याचे केंद्र पुण्यास आले. भारतीय व इंग्रज सभासदांनी एका छपराखाली, सारख्या पोशाखात, जमिनीवर बसून सारखे शाकाहारी अन्न घ्यावे, असा तेथील नियम होता. सत्ताधारी वंशाचा माणूस व प्रजाजन यांच्यातील पंक्तिभेद मोडणे, हा त्या काळात नव्याने पुढे आलेला प्रश्न होता. १९२७ मध्ये या संघातून भारतात आलेले व्हेरिअर एल्विन पुढे आदिवासी जीवनाचे अभ्यासक म्हणून प्रसिद्धीस आले. १९७२ मध्ये पुण्याच्या या आश्रमात अँग्लिकन व कॅथलिक भगिनींनी एकत्र राहण्यास आरंभ केला आणि पंथभेदाची सीमाही ओलांडली गेली.

ठाण्याचा उत्तर भाग व प्रीतिभोजन : सह्याद्रीच्या पश्चिमेस, तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, सहभागितेची एक वेगळी रीत पोहोचली. चर्च ऑफ द ब्रेदरन या पंथाचा उगम १७०८ मध्ये जर्मनीतील श्वार्झेनाऊ येथे झाला. छळामुळे त्याचे अनुयायी १७१९ पासून अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात स्थलांतरित झाले. या पंथाचे विल्बर स्टोव्हर, त्यांच्या पत्नी मेरी व बर्था रायन हे मिशनरी १८९४ मध्ये भारतात आले व त्यांनी बलसाड (वलसाड) येथे काम सुरू केले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत डहाणू व वाडा येथेही त्यांची केंद्रे निघाली.

या पंथाचा प्रीतिभोजन हा विधी उल्लेखनीय आहे. प्रभुभोजनाच्या भाकरी-पेल्यापूर्वी सभासद एकमेकांचे पाय धुतात, मग सर्वजण बसून साधे जेवण घेतात. विधीपूर्वी आपसांतील भांडणे मिटविण्याची अपेक्षा असते. युरोप-अमेरिकेत पाय धुणे हे नम्रतेचे चिन्ह मानले गेले. आपल्याकडे पाय धुण्याला पाहुणचाराचा व पूजेचा अर्थ आहे. पाय कोणी कोणाचे धुवावेत, याचा क्रम जात व वय यांवरून ठरलेला असतो. तो क्रम बाजूला ठेवून शेजारी बसलेल्याचे पाय धुणे ही कृती येथे अधिक बोलकी ठरते.

भारतातील ब्रेदरन मंडळ्यांनी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात अन्य पाच चर्चसंघांसह सहभाग घेतला. पंथभेद मिटविण्याच्या दृष्टीने ही मोठी घटना होती. तथापि सर्व सभासद विलीनीकरणाशी सहमत राहिले नाहीत. गुजरातमधील ब्रेदरनांच्या मालमत्तेचा वाद दीर्घकाळ न्यायालयात चालला. नोंदणीकृत न्यासाची मालमत्ता केवळ विलीनीकरणाच्या ठरावाने दुसऱ्या संस्थेकडे जात नाही, अशा आशयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. एकमेकांचे पाय धुणाऱ्या परंपरेचे वारसही जमिनीच्या प्रश्नावर न्यायालयात समोरासमोर उभे राहू शकतात. भाऊबंद आणि भाऊबंदकी हे शब्द मराठीत एकाच मुळापासून आले आहेत, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

जव्हार-मोखाड्याचा परिसर : डहाणूच्या पूर्वेस चढत जाणाऱ्या डोंगराळ मुलखात जव्हार व मोखाडा हे तालुके आहेत. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. त्याच्या राज्यकर्त्यास १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाकडून मान्यता मिळाल्याची परंपरा आहे. १९४८ मध्ये संस्थान तत्कालीन मुंबई राज्यात विलीन झाले. मोखाडा हा ब्रिटिश काळात शहापूर तालुक्याचा पोटविभाग होता. दोन्ही तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात समाविष्ट आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार दोन्हींत अनुसूचित जमातींचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक होते. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी व कातकरी या येथील प्रमुख जमाती होत. भात, नागली व वरई ही मुख्य पिके आहेत. वस्ती पाड्यापाड्यांनी विखुरलेली आहे. दिवाळीनंतर शेतीचे काम संपले, की अनेक कुटुंबे भिवंडी, वसई, ठाणे या भागांत वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात.

एकटा पडलेला माणूस किती दुबळा असतो, याची या मुलखाला जुनी ओळख आहे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी सावकाराकडे राबणाऱ्या ‘लग्नगड्या’ची प्रथा ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी भागात होती. १९४५ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी तिच्याविरुद्ध उठाव केला. त्याचा वृत्तांत गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात आला आहे. परस्परसाहाय्य हे या मुलखात ख्रिस्ती धर्माबरोबर प्रथमच आले, असे मानणे चुकीचे ठरेल. एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने राबण्याची सावड, लग्नकार्यातील सामुदायिक श्रम, तारप्याभोवती धरलेला फेर आणि कणसरी या धान्यदेवतेचे पूजन या सर्वांतून पाड्याचे ऐक्य व्यक्त होत आले आहे.

ख्रिस्ती वस्ती येथे अल्प व विखुरलेली आहे. कॅथलिक चर्चच्या व्यवस्थेत हे तालुके १९९८ मध्ये स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांतात येतात. त्याच धर्मप्रांतातील तलासरी येथे येशू संघीयांच्या ज्ञानमाता सदनाने आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे कार्य केले आहे. अशा डोंगराळ भागात सहभागितेचे रूप शहरी मंडळीपेक्षा वेगळे असणे स्वाभाविक आहे. पाळक वा धर्मगुरू दूर असतो, पावसाळ्यात ओढे वाटा अडवितात, स्वतंत्र उपासनामंदिर प्रत्येक पाड्यावर असू शकत नाही. म्हणून घराच्या ओटीवर वा अंगणात जमलेली चारसहा कुटुंबे हीच तेथे मंडळी ठरते. ज्याला वाचता येते तो शास्त्रपाठ वाचतो, ज्याला गाता येते तो पद सांगतो. आजाऱ्यासाठी प्रार्थना, त्याला दवाखान्यापर्यंत पोहोचविण्याची सोय आणि त्याच्या मागे राहिलेल्या गुरांची व मुलांची देखभाल, या गोष्टी अशा समूहात वेगवेगळ्या काढता येत नाहीत. कुटुंबे वीटभट्टीवर गेली, की हा समूहही काही महिन्यांसाठी विरळ होतो. त्यामुळे ज्या गावी काम मिळाले, तेथील मंडळीने परक्या मजुराला आपल्यात बसवून घेणे हा सहभागितेचाच भाग होतो. वसईच्या सधन वाडीतील श्रद्धावंत व मोखाड्याचा मजूर हे एका जिल्ह्यात राहतात आणि एकच श्रद्धा बाळगतात. त्यांच्यातील अंतर करिंथच्या मंडळीतील अंतराहून फारसे निराळे नाही.

येथील परिस्थितीत अहमदनगरहून एक महत्त्वाचा फरक आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी निगडित आहे. प्रथम हिंदूंपुरता असलेला हा दर्जा १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला. ख्रिस्ती झालेल्या पूर्वाश्रमीच्या अस्पृश्यांस तो लागू नाही. अनुसूचित जमातींच्या आदेशात मात्र धर्माची अशी अट नाही. त्यामुळे ख्रिस्ती वारली हा संविधानाच्या दृष्टीने वारलीच राहतो. त्याची जमीन, बोली, नातीगोती व पाडा ही त्याच्याजवळच असतात. मिशनच्या आवारात वेगळी वसाहत करण्याची निकड येथे नाही. उलट वेगळेपण वाढले, तर त्याची हानी दोन्ही बाजूंस होते. एकाच घरात एक भाऊ उपासनेस जातो आणि दुसरा वाघदेवाला नारळ देतो, अशा स्थितीत सावड मोडणे, मयतीला न जाणे वा पाण्यावरून एकमेकांस अडविणे या गोष्टी कोणत्याही बाजूने घडल्या, तरी त्या जुन्या बहिष्काराचीच पुनरावृत्ती ठरतात. विवाहविधी, देवकार्यातील वर्गणी व अंत्यसंस्कार हे अशा तणावाचे नेहमीचे प्रसंग होत. श्रद्धेची मुभा संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने दिली आहे. शेजारधर्म मात्र माणसांनाच सांभाळावा लागतो.

मूल्यमापन : दोन शतकांच्या या इतिहासावरून सहभागितेच्या मूल्यासंबंधी काही गोष्टी स्पष्ट होतात. जातीने टाकलेल्या माणसाला मंडळीने घर दिले, निरक्षराला गीत दिले, निराधार स्त्रीला बहिणी दिल्या. पंक्तिभेद मोडण्याचे जे धैर्य सुधारकांच्या गुप्त सभांना दीर्घकाळ टिकविता आले नाही, ते सामान्य श्रद्धावंतांनी दर रविवारी उघडपणे दाखविले. हे कार्य महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात नोंद घेण्याजोगे आहे. त्याचबरोबर जात, पंथ, मालमत्ता व परावलंबन यांनी या पंक्तीत पुनःपुन्हा प्रवेश केला, हेही तितकेच खरे आहे. वारकरी संप्रदायातील काल्याचा अनुभवही याहून भिन्न नाही. काला एकत्र खाणारे भक्त घरी परतल्यावर आपापल्या जातीत जगत आले. एकत्र भोजनाचा विधी समतेची आठवण देतो. तो समता पूर्ण करीत नाही. ती घरात, विवाहात, व्यवहारात व शेतात घडवावी लागते.

टिळकांनी ‘देवाचा दरबार’ उभारताना जो प्रश्न विचारला होता, तो जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर आजही तेवढाच जिवंत आहे. दार लावून घेतलेली पंक्ती काही काळ आत बसलेल्यांचे रक्षण करते आणि मग त्यांची जात होऊन बसते. ज्या समूहातील माणसे आपल्यात न बसणाऱ्या शेजाऱ्याच्याही भातलावणीला जातात व त्याच्या दुखण्यात रात्र जागतात, त्या समूहाची सहभागिता पाड्याच्या जुन्या ऐक्याला पूरक ठरते. ख्रिस्ती सहभागितेचे मूल्य मोजताना मंडळीत किती जण बसतात एवढेच पाहून भागत नाही. तेथून उठल्यावर ते कोणाच्या दारी जातात, हेही पाहावे लागते.